पीळ

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला ऑफिसातल्या कपाटाच्या वरच्या खणातली फाइल काढायला त्याने डावा हात वर केला आणि खांद्याच्या आत काहीतरी फिरलं. दुखलं असं म्हणता आलं नसतं. दुखण्याच्या जरा अलीकडचं काहीतरी होतं. मग तो पीळ खाली उतरायला लागला, दंडातून कोपरात, कोपरातून मनगटात, अजिबात घाई नसल्यासारखा, आणि करंगळीच्या टोकाशी येऊन थांबला. फाइल हातातून सुटली, कागद पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर झाले. बाहेरून कारकून आला, वाकून एकेक कागद गोळा करू लागला आणि म्हणाला की साहेब, वरचा खण मला सांगत जा, वय झालं आता. कारकून त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता, आणि एरवी यावर तो हसला असता. पण त्या वेळी तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. हात नेहमीसारखाच दिसत होता. घड्याळ, मनगटावरचे केस, शाईचा एक डाग. आत जे चाललं होतं त्याचा बाहेर मागमूस नव्हता, आणि ही गोष्ट, दिसत नाही ही गोष्ट, त्याला दुखण्यापेक्षा जास्त खटकली.

तीस वर्षं तो विमा कंपन्यांच्या बाजूने उभा राहत आला होता. जो कोणी पडे, चेंगरे, घसरे, ज्याच्या अंगावर काही कोसळे आणि जो त्याबद्दल भरपाई मागे, त्याची शेवटी याच्याशी गाठ पडे. मोडलेल्या हाडाशी त्याचं कधी भांडण नव्हतं. हाड मोडलेलं असलं की तो कंपनीला स्वच्छ सांगे, देऊन टाका, कोर्टात शोभा करून घेऊ नका. त्याचं काम सुरू होई ते जिथे एक्स-रेमध्ये काही दिसत नसे आणि माणूस मात्र दुखतं म्हणत असे. दुखणं दिसत नाही, माणूस दिसतो, हे त्याने फार लवकर ओळखलं होतं. म्हणून तो माणसाकडे बघे. खुर्चीत कसा बसतो, किल्ल्या कुठल्या खिशात ठेवतो, दार कुठल्या हाताने लोटतो, हसताना पाठ विसरतो की नाही. त्यातले निम्मे खरोखरच खोटं बोलत असत, याबद्दल त्याची खात्री होती. उरलेले निम्मे कोणते, हे ठरवणं त्याचं काम नव्हतं. त्यासाठी समोर उंच खुर्चीत एक माणूस बसवलेला असे. या हिशेबावर त्याला घरी गेल्यावर व्यवस्थित भूक लागे आणि शांत झोप येई.

बुधवारी सव्वाअकराला ते पुन्हा आलं, गुरुवारी पुन्हा. तासभर राही, मग बोटं गार करून निघून जाई. पुढच्या आठवड्यात तो हाडांच्या डॉक्टरकडे गेला. हा डॉक्टर त्याचाच होता, म्हणजे शंभरेक खटल्यांत त्यानेच याला साक्षीला उभं केलं होतं. तपासणी झाली, यंत्रात घालून फोटो काढून झाले, आणि डॉक्टरने अहवाल त्याच्यासमोर ठेवला. तक्रारीला आधार देणारा कोणताही बदल आढळला नाही. हे वाक्य त्याने आयुष्यात किती वेळा लाल पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं! डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसला आणि म्हणाला, असा माणूस समोरून आला असता तर तू काय केलं असतंस ते सांग. मग जरा गंभीर होऊन त्याने विचारलं की पण होतं कसं नक्की.

"कोणीतरी आतून ओली चादर पिळतंय," तो म्हणाला. "दोघं मिळून. एकाने खांद्याकडचं टोक धरलंय, एकाने बोटांकडचं."

डॉक्टरने ते लिहून घेतलं. तो मात्र चपापला. हे वाक्य त्याने जुळवलं नव्हतं; ते तयार होऊन तोंडातून बाहेर पडलं होतं. त्याच्या घरी चादरी यंत्रात धुतल्या जात, जन्मात कधी त्याने ओली चादर हातात धरली नव्हती, आणि दोघांनी टोकं धरून पिळतात हे त्याला कुठून ठाऊक असणार? पढवलेला साक्षीदार तो दहा पावलांवरून ओळखत असे. अशा माणसाच्या तोंडी एखादं वाक्य असं येतं की ते त्याच्या बाकीच्या बोलण्याशी शिवलेलं नसतं, वरून ठिगळ लावल्यासारखं दिसतं. गाडी चालवत घरी येताना तो ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिला, आणि दर वेळी त्याची खात्री होत गेली की आपल्याला हे कोणीतरी पढवलं आहे.

बायको कानांच्या दवाखान्यात ऐकू येण्याची तपासणी करायची. संध्याकाळी ती टेबलाशी बसून संत्रं सोलत होती, तेव्हा त्याने अहवाल तिच्यापुढे टाकला. काही नाहीये म्हणतात, तो म्हणाला. तिने अहवाल बाजूला सारून दुखतं का एवढंच विचारलं, आणि तो हो म्हणाल्यावर मग दुखतं, असं म्हणून संत्र्याची फोड त्याच्यापुढे धरली. एवढं सोपं आहे का, त्याने विचारलं, आणि त्याचा आवाज जरा कोर्टातल्यासारखा निघाला. ती म्हणाली की माझ्या केबिनमध्ये माणूस ऐकू आलं की बटण दाबतो, त्याच्या कानात शिरून मी बघू शकत नाही, दाबलं की लिहून घेते. आणि उगाच दाबलं तर? तर कळतं, ती म्हणाली, आवाज सोडलेलाच नसताना दाबतात. मग थोडा वेळ ती साल नखाने खरवडत राहिली.

"पण काहीजण सगळं शांत असताना दाबतात ना, तेही खोटं नसतं. त्यांना ऐकू येतच असतं काहीतरी. फक्त ते मी पाठवलेलं नसतं."

तिने हे अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं होतं. तो मात्र उठला आणि काही कारण नसताना बाहेरचं दार नीट लागलंय का ते बघून आला.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी एका बस ड्रायव्हरची उलटतपासणी होती. मागून ट्रकने धक्का दिला होता, मान आणि हात दुखतो म्हणून माणूस वर्षभर घरी बसलेला. फोटोत काही नाही. कंपनीच्या माणसाने पाळत ठेवून काढलेली फिल्म टेबलावर होती. तीत ड्रायव्हर अंगणातून दोन खुर्च्या उचलून आत नेताना दिसत होता. काम दहा मिनिटांचं होतं. अकरा वाजता तो उभा राहिला, चार साधे प्रश्न विचारून झाले, ड्रायव्हर सैलावला, आणि आता खुर्च्यांकडे वळायचं तोच खांद्यात पीळ बसला. या वेळी जोरात. त्याने टेबलाची कड धरली. पुढचा प्रश्न त्याला स्पष्ट ठाऊक होता, कागदावर लिहिलेला होता, पण तोंडातून दुसराच निघाला.

"पिळल्यासारखं होतं का?"

ड्रायव्हर गोंधळला. नाही साहेब, तो म्हणाला, ठणकतं. दोन्ही टोकांकडून का, याने विचारलं. समोरच्या बाजूच्या तरुण वकीलबाईंनी लिहायचं थांबवून मान वर केली. न्यायाधीशांनी चष्मा काढला. कोर्टात कोणीतरी खोकलं, आणि मग ड्रायव्हर पिंजऱ्यातून जरा पुढे वाकून, बसमध्ये एखाद्या म्हाताऱ्या प्रवाशाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "तुम्हाला बसायचंय का?" हे बोलताना त्याचा हात पिंजऱ्याच्या लाकडी कठड्यावर होता. त्या हाताकडे बघता बघता याला त्याच कठड्यावर दुसरा एक हात दिसला. बाईचा हात. वर्षानुवर्षांच्या पाण्याने आणि सोड्याने कायमचा लाल झालेला, जाडसर, नखं झिजलेली. अकरा वर्षांपूर्वी.

ती एका मोठ्या धुलाई कारखान्यात कामाला होती. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे येत. ओल्या चादरींचा गठ्ठा वरच्या साखळीवरून निसटून तिच्या डाव्या खांद्यावर पडला होता. हाड शाबूत, फोटो स्वच्छ, आणि दोन वर्षं बाई म्हणत होती की हात वर जात नाही. कसं दुखतं असं तिच्या वकिलाने विचारलं तेव्हा तिने ते चादरीचं सांगितलं होतं, दोघांनी टोकं धरल्याचं, आणि याने बसल्या जागेवरून विचारलं होतं की चादर सुती की मिश्र? कोर्ट हसलं होतं. मग त्याची पाळी आली. तो उभा राहिला, तिच्याकडे जरा वेळ कौतुकाने बघितलं आणि म्हणाला, बाई, वेणी छान घातलीय, कोणी घातली? मीच, ती म्हणाली. झालं माझं, असं म्हणून तो खाली बसला. पाठीमागे वेणी घालायला दोन्ही हात वर न्यावे लागतात, हे न्यायाधीशांना समजावून सांगायची गरज पडली नाही. वेणीचा प्रश्न म्हणून ते प्रकरण वकिलांमध्ये गाजलं. नव्याने वकिली करणाऱ्यांना तो स्वतःच ते रंगवून सांगे, आणि सांगताना त्या बाईचा चेहरा करून दाखवी, पकडलं गेल्यावरचा. आता मात्र, टेबलाची कड धरून उभं असताना, तो चेहरा त्याला पहिल्यांदाच नीट आठवला. त्यावर पकडलं गेल्याचं काही नव्हतं. घरात सतत चालू असलेला एखादा आवाज एकाएकी बंद पडला की माणूस जसा मान तिरकी करून बघतो, तशी ती बघत होती.

त्याने पुढची तारीख मागून घेतली. कंपनीचा अधिकारी बाहेर व्हरांड्यात म्हणाला की बरं वाटत नसेल तर सांगत चला, माणसं आहेत आमच्याकडे. ऑफिसात येऊन त्याने कारकुनाला अकरा वर्षांपूर्वीची ती फाइल शोधायला सांगितली. कारकून दीड तासाने धुळीने माखून वर आला. ही आपण जिंकलेली आहे साहेब, तो म्हणाला, हरलेल्या फाइली उकरून काढतात लोक, जिंकलेली काढताना तुम्हालाच बघितलं. आणि पाणी पिता पिता पुढे म्हणाला, काय काढायचं असेल ते काढा, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं नका करू तुम्ही. ही म्हण इथे कशी लागू पडते ते दोघांनाही सांगता आलं नसतं. पण तो एक शब्द ऐकून त्याने डावा हात टेबलाखाली घेतला.

बाईचा पत्ता बदललेला नव्हता. दुकानांच्या मागची इमारत, तिसरा मजला, अरुंद जिना, प्रत्येक मजल्यावर कोणाचा ना कोणाचा रेडिओ. बुधवारी दहा वाजता तो तिथे पोचला. दार उघडंच होतं. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, दोन्ही हात डोक्याच्या वर, तोंडात चिमटे. केस पुरुषी वाटावेत इतके बारीक कापलेले. तिने वळून बघितलं, चिमटे तोंडातून काढले आणि फारसं आश्चर्य न दाखवता म्हणाली, वकीलसाहेब ना, या, बसा. तो बसला. जुनी फाइल बंद करायची आहे, एक-दोन गोष्टी विचारायच्या होत्या, असं काहीतरी त्याने सुरू केलं. ती ऐकत नव्हती. ती त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती, जो त्याच्या मांडीवर तळवा वर करून पडला होता, एखादी वस्तू तिथे कोणी विसरून गेल्यासारखा.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तिसरा आठवडा चालू आहे."

"अकराला येतं?"

"अकरा, सव्वाअकरा."

"गठ्ठा पडला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

मग तिने जे सांगितलं ते सांगताना ती एकदाही चिडली नाही, आणि त्यामुळे त्याला मध्ये बोलायला कुठे फटच सापडली नाही. ती म्हणाली की रोज वेणी मुलगी घालून द्यायची. त्या दिवशी तिची परीक्षा होती, म्हणून मीच बसले आरशापुढे. पाऊण तास लागला. दोनदा थांबले, एकदा रडले. पण कोर्टात विस्कटल्या केसांनी कसं जायचं? तुम्ही विचारलंत तेव्हा मीच घातली म्हटलं, आणि हे सगळं पुढे सांगणार होते. तेवढ्यात ते थांबलं. दोन वर्षं रात्रंदिवस चालू असलेली गिरणी बंद पडावी तसं. खांदा एकदम हलका झाला, कोणी हात काढून घेतल्यासारखा. मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही खाली बसत होतात. आता मला सांगा, त्या क्षणाला दुखतं म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं ना? शपथ घेतली होती मी. म्हणून गप्प राहिले.

घरी आल्यावर तिने सवयीने पाण्याची बादली उचलली, ती उचलली गेली. नवरा दारात उभा होता. बरा चालतो की हात, एवढंच तो म्हणाला, आणि त्यानंतर त्याने तिला त्या बाबतीत काही विचारलं नाही. बाकीच्याही बाबतीत विचारलं नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला. शेवटच्या दुखण्यात तिने औषध दिलं म्हटलं तरी तो मुलीकडे बघायचा, खरं का म्हणून. आणि मुलगी! दोन वर्षं अधूनमधून शाळा बुडवून तिने स्वयंपाक केला होता, धुणी धुतली होती, आईला अंघोळ घातली होती. कोर्टातून आल्यावर आई दोन्ही हातांनी बादली उचलते हे तिनेही बघितलं. चौदा वर्षांची होती. अजून आम्ही एका घरात राहतो, ती म्हणाली, चांगली वागते माझ्याशी, पण माझ्या तोंडचं काहीही दुसऱ्या कोणाला विचारल्याशिवाय धरत नाही. बाहेर पाऊस आहे म्हटलं तर खिडकीशी जाऊन बघते.

खांद्यात सुरुवात झाली होती. त्याने घड्याळ बघितलं नाही, गरज नव्हती. त्याच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो विचारताना त्याला आपला आवाज लहान मुलासारखा वाटला. मधली अकरा वर्षं ते कुठे होतं? तिने खरोखर विचार केला. माझ्याकडे नव्हतं एवढं नक्की, ती म्हणाली. एवढंच ती म्हणाली, पण त्याच्या डोळ्यांपुढे ऑफिसखालची खोली उभी राहिली, जमिनीपासून छतापर्यंत फाइली, तीस वर्षांच्या, त्यातल्या बहुतेक जिंकलेल्या. त्याला आठवू लागलं की प्रश्न विचारल्यावर असं मान तिरकी करून गप्प झालेली आणखीही माणसं होती. एक रंगारी, ज्याची पाठ गेली होती. एक शिक्षिका, जिच्या कानात स्फोटानंतर सतत शिट्टी वाजायची. गुडघ्याचा एक पोस्टमन. तेही एकदम गप्प झाले होते, आणि तो खाली बसला होता, समाधानाने. त्या छोट्या खोलीत, दोरीवरच्या ओल्या कपड्यांच्या वासात, त्याला असं वाटलं की आपल्या पाठीमागे कोणीतरी आहे, एक नव्हे, बरेच जण, आणि ते घाई न करता, रांग धरून उभे आहेत. वळून बघायचं धाडस त्याला झालं नाही.

"माझं एक काम कराल?" ती म्हणाली. "मुलगी जेवायला घरी येते. तिला सांगा."

"काय सांगू?"

"जे होतं ते."

माफी मागावी, असं काही तिने म्हटलं असतं तर ते त्याला जमलं असतं; माफीचे शब्द ठरलेले असतात. पण हे साक्ष देणं होतं, आणि तीस वर्षांत तो एकदाही त्या बाजूला उभा राहिला नव्हता. उठून जावं असं त्याला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा पीळ करंगळीपर्यंत उतरला आणि तो बसून राहिला. एक वाजता मुलगी आली. औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करणारी, पंचविशीची, दुकानाचा कोट तसाच अंगात. हे कोण ते आईने सांगितलं. मुलीने पर्स खुंटीला लावली, उभ्या उभ्याच त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने ती नजर ओळखली. माणूस खुर्चीत कसा बसलाय ते ती बघत होती.

त्याने सांगितलं. इतका वाईट साक्षीदार त्याने कधी पाहिला नव्हता. मध्येच थांबला, क्रम चुकला, मंगळवार की बुधवार यात अडकला, चादरीचं सांगताना तर त्याला लाजच वाटली. तुमच्या आईने तेव्हा जे सांगितलं तेच हे आहे, शब्दाला शब्द, आणि ते खरं आहे, तो म्हणाला. मुलगी सगळं ऐकून घेईपर्यंत हलली नाही. मग तिने विचारलं की रिक्षाने आलात की चालत. गाडी खाली लावलीय, तो म्हणाला. बॅग तुमचीच ना ही? हो. जड दिसते. हो, कागद आहेत.

"तीन जिने चढलात. कुठल्या हातात होती?"

तो आठवू लागला. एका हाताने कठडा धरला होता, उजव्या. उत्तर समोर दिसत होतं आणि दुसरं एक सोयीचं उत्तर त्याच्या शेजारीच होतं. ते द्यायला काहीच हरकत नव्हती, बघायला कोणी नव्हतं.

"डाव्या," तो म्हणाला.

इथे तो स्वतः खाली बसला असता. मुलगी मात्र तशीच उभी राहिली, तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली, आणि बराच वेळ ती त्याच्याकडे न बघता खोलीच्या मधोमध कुठेतरी बघत राहिली. बाहेर गॅलरीत कपड्यांचं पाणी टपकत होतं. मग ती वळली, आईसमोर जमिनीवर बसली, कोट न काढताच, आणि कितीतरी वर्षांत न वापरलेल्या आवाजात म्हणाली, "आई, तेव्हा कसं व्हायचं गं?"

आईने आपला डावा हात समोर धरून निरखला. खांद्यातून सुरू व्हायचं, ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यात ते सुरू झालं, मघाचं ओसरून तासभर झाला असताना. नाही, थांब, ती म्हणाली, आधी मानेत, कानाच्या मागे, आणि ते वर सरकून कानाच्या मागे गेलं, जिथे ते यापूर्वी कधीच आलं नव्हतं. शब्द आठवत नव्हता म्हणून ती थांबली. तेही थांबलं. त्याने खुर्चीची कड धरली. आता उठून, एखादा शब्द बोलून, साधं खोकूनसुद्धा तिला थांबवता येईल हे त्याला कळत होतं. तिला थांबवणं किती सोपं आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मुलीने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, सांग, मग? आईने सुस्कारा सोडला आणि पुढे सांगू लागली. दोन वर्षांचं होतं ते सगळं, आणि ती अजून पहिल्याच दिवसावर होती. तो गप्प बसून ऐकत राहिला.